देवगडच्या माजघरात उपग्रहाचं घड्याळ: छोटा संगणक कोणता घ्यावा?

उपग्रहावरून वेळ घेणारं घड्याळ घरी करायचं मनात आलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘रास्पबेरी पाय कितवा घेऊ?’ आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळे होतात: ‘पाचवाच घेतो, सगळ्यात जोरदार.’ (रास्पबेरी पाय म्हणजे एकाच बोर्डावर बसवलेला तळहाताएवढा संगणक.)

जरा थांबा. या कामात प्रोसेसर दिवसभर झोपा काढतो. सेकंदाला एक ठोका टिपायचा आणि कुणी वेळ विचारली तर सांगायची, एवढंच त्याचं काम. ते दहा-बारा वर्षांपूर्वीचा बोर्डही करतो. बघायच्या त्या दोन वाटा: ठोका आत कुठून येतो आणि वेळ बाहेर कुठून जाते. कोकणात याला तिसरा प्रश्न जोडायचा, की आगोट लागल्यापासून नवरात्रापर्यंत हे यंत्र तग धरेल का.

आधी ठरवा, किती अचूक हवं आहे

सीसीटीव्हीवरची वेळ, दुकानाचं बिलिंग, हजेरीचं यंत्र यांपैकी काही असेल तर हा लेख इथेच सोडा. इंटरनेटवरून मिळणारी वेळ पुरते. भारतीय प्रमाणवेळ राखणारी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा ती नेटवरून देतेच, आणि साध्या इंटरनेटवर ती काही मिलिसेकंद (सेकंदाचा हजारावा भाग), फार तर पाच-पन्नास मिलिसेकंद इतकी चुकते. कॅमेऱ्याला काय फरक पडतो?

हौशी हॅम रेडिओवर एफटी-८ या पद्धतीने संदेश पाठवणाऱ्यांचं काम पंधरा-पंधरा सेकंदांच्या खणांत चालतं, तिथे घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर असलं की भागतं. नेट नसलेल्या जागी साधं यूएसबीचं जीपीएस लावलं तरी चालतं.

खरी गरज सुरू होते ती याच्या पुढे. लघुग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हाचं पिधान, म्हणजे तारा झाकला जाणं, टिपायचं असेल तर मिलिसेकंदांची भाषा करावी लागते, कारण ती सावली जमिनीवरून सेकंदाला कित्येक किलोमीटर धावते. भूकंपमापक किंवा विजा कुठे पडल्या ते शोधणारं केंद्र चालवायचं तर मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. एका मायक्रोसेकंदात रेडिओ लहर ३०० मीटर जाते. म्हणजे वीज समोरच्या माळरानावर पडली की पलीकडच्या वाडीत, हे त्या एका मायक्रोसेकंदावर ठरतं.

आणि काही जण निव्वळ हौसेपोटी करतात. मी त्यातला. शेजारचे काका पहिल्या दिवशी बघून म्हणाले होते, “भिंतीर घड्याळ आसा मा, मगे ह्या कित्याक?” याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

ठोका आणि आकडा

संगणक निवडण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लग्नातलं घटिकापात्र आठवा. पाण्यावर सोडलेली भोकाची वाटी २४ मिनिटांनी बुडते. वाटी बुडाली तो क्षण अगदी नेमका असतो, पण घटका कितवी हे वाटी सांगत नाही. ते मोजणारा माणूस वेगळा.

जीपीएसच्या मॉड्यूलमधूनही, म्हणजे उपग्रहाचा संकेत ऐकणाऱ्या छोट्या पट्टीतूनही, या दोन गोष्टी वेगवेगळ्या तारांवरून येतात. एका तारेवर दर सेकंदाला एक विजेचा ठोका येतो, त्याला पीपीएस म्हणतात. हा ठोका साध्या मॉड्यूललाही पाच-पन्नास नॅनोसेकंदांपर्यंत (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) नेमका जमतो. दुसऱ्या तारेवर मजकूर येतो: तारीख अमुक, वेळ तमुक. हा मजकूर सावकाश, अक्षर-अक्षर करत येतो आणि ठोक्याच्या मागे शे-दोनशे मिलिसेकंद, कधी त्याहून जास्त रेंगाळतो. सेकंद कितवा हे मजकुरावरून कळतं, सुरू केव्हा झाला हे ठोक्यावरून.

म्हणून यूएसबीच्या जीपीएस काडीने हे काम होत नाही. तिच्यातून बहुधा फक्त मजकूर येतो, ठोका येत नाही. काही काड्या ठोका देतात, पण यूएसबी हा मुळात रांगेत उभं करणारा प्रकार आहे. अशा उपकरणाला संगणक मिलिसेकंदाला एकदा विचारतो, ‘तुझं काही आहे का?’ आकाशातून नॅनोसेकंदांत आलेली अचूकता या रांगेत मिलिसेकंदाएवढी ढोबळ होते.

बोर्ड: दोन वाटा तपासा

आत येणारी वाट म्हणजे जीपीआयओ पिन, बाहेरची तार प्रोसेसरला जोडायची बोर्डावरची पिन. ठोक्याची तार थेट तिच्यावर जोडायची. पिनवर ठोका आला की प्रोसेसर हातातलं काम टाकून वेळ टिपतो. या टाकाटाकीत मायक्रोसेकंद-दोन मायक्रोसेकंद मागेपुढे होतात, ते पुढे सॉफ्टवेअर सरासरीने निवळून घेतं. रास्पबेरी पायच्या सगळ्या पिढ्यांत ही सोय आहे. दुसरा कुठला स्वस्त बोर्ड घेत असाल तर त्याच्या लिनक्समध्ये पीपीएसचा ड्रायव्हर चालतो का, हे विकत घेण्याआधी विचारा. बोर्ड झकास आणि त्याचं लिनक्स तीन वर्षांपूर्वी टाकून दिलेलं, असा प्रकार बाजारात फार आहे.

बाहेर जाणारी वाट म्हणजे नेटवर्कचं बूच. इथे लोक फसतात. रास्पबेरी पाय १, २ आणि ३ या बोर्डांवर लॅनचं बूच दिसतं खरं, पण आतून ते यूएसबीवरच लटकलेलं आहे. ३ बी प्लसचंही तेच. म्हणजे ठोका आत आला नेमका आणि वेळ बाहेर निघाली रांगेतून. पाय ४ पासून लॅनला स्वतंत्र वाट मिळाली. नव्याने घेणाऱ्याला मी पाय ४ सांगतो आणि मेमरी सगळ्यात कमी असलेला घ्यायला सांगतो. एक जीबीसुद्धा या कामाला जास्तच होते.

घरात जुना पाय ३ पडून असेल तर मात्र नवा घेऊ नका. त्याच्या स्वतःच्या घड्याळाची अचूकता मायक्रोसेकंदांत राहतेच, बाकीच्या संगणकांना वेळ वाटताना थोडी झीज होते इतकंच. एक अडचण तेवढी लक्षात ठेवा: पाय ३ वर चांगला सिरियल पोर्ट, म्हणजे मजकुराची तार जोडायची जागा, ब्लूटूथने अडवलेला असतो. ब्लूटूथ बंद करून तो जीपीएसला द्या.

पाय झीरो विजेच्या बाबतीत सगळ्यात काटकसरी, पण त्याला लॅनचं बूचच नाही. वायफायवरून वेळ वाटली की मिलिसेकंदांची चूक आली. एकट्या यंत्राला, म्हणजे पिधान टिपणाऱ्या कॅमेऱ्याशेजारी बसवायला, तो उत्तम. घरभर वेळ वाटायला नको.

पाय ५ वाईट नाही. त्याच्यात बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाची सोय आहे, बॅटरी तेवढी वेगळी लावायची. पण भूक मोठी. त्याच्यासाठी ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडाप्टर सुचवतात, आणि आपल्या कामात ती ताकद कधीच लागत नाही. जत्रेला जायला ट्रक कशाला काढायचा?

माझा आवडता बोर्ड वेगळाच आहे: बीगलबोन ब्लॅक. जुना, ५१२ एमबी मेमरीचा, दिसायला किरकोळ. पण त्याचं लॅन थेट चिपमध्ये आहे, साठवण बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, आणि ठोका प्रोसेसरला न उठवता हार्डवेअरच्या टायमरने टिपायची सोय आहे. टायमर क्षण नोंदवून ठेवतो, प्रोसेसर सवडीने वाचतो. वीज एक ते अडीच वॉटच्या आत. उणीव एकच, मदत करणारी माणसं कमी. पायवर अडलात तर शंभर जण सांगायला येतात, इथे आपलं आपण शोधावं लागतं. आयुष्यातला पहिलाच बोर्ड असेल तर हा घेऊ नका.

ज्यांना नेटवर्कवरही मायक्रोसेकंदाच्या आत राहायचं आहे त्यांनी लॅनच्या चिपमध्येच वेळेचा शिक्का मारणारा बोर्ड बघावा. रास्पबेरीच्या कम्प्यूट मॉड्यूल ४ मध्ये ते आहे, बीगलबोनमध्ये आहे, संगणकाला लावायच्या इंटेलच्या आय-२१० कार्डातही आहे. पण मग मधला स्विच आणि पलीकडचा संगणकही त्याच तोडीचा लागतो. घरगुती कामाला हा खर्च मला पटत नाही.

एखाद्या कार्यालयातून भंगारात निघालेला, मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असलेला छोटा थिन क्लायंट, म्हणजे सर्व्हरच्या जिवावर चालणारा बारका संगणक, मिळाला तर तोही चालतो. त्याच्या पहिल्या पिनवर, म्हणजे डीसीडीवर, ठोका द्यायचा. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स-३२३२ची पट्टी लागते. वीज पायच्या दुप्पट-तिप्पट खातो, हे मात्र धरून चला.

तीन वॉटचा हिशेब

लाईट जाणारच, हे गृहीत धरून निवड करा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडे न् आठवडे वीज नव्हती. एवढं नेहमी होत नाही, पण पावसाळ्यात रात्रभर अंधार ही काही बातमी नव्हे.

३ वॉटचा बोर्ड दिवसाला ७२ वॉट-तास खातो, म्हणजे महिन्याला सव्वादोन युनिटच्या आसपास. ६० वॉटचा जुना डेस्कटॉप हेच काम वर्षाला ५२५ युनिट जाळून करेल. पण खरा फरक बिलात नाही, बॅटरीत दिसतो. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीत ८४ वॉट-तास असतात. ती निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हाताशी आले ४२. मधल्या कन्व्हर्टरची गळती धरली तर ३ वॉटचा बोर्ड बारा तास निघतो आणि दीड वॉटचा जवळजवळ पूर्ण दिवस. डेस्कटॉप पाऊण तासही नाही. म्हणून ‘वीज कमी’ हा इथे काटकसरीचा नव्हे, रात्र काढण्याचा प्रश्न आहे.

घरच्या इन्व्हर्टरवर जोडू नका असं नाही, पण लाईट गेल्या-आल्याच्या धक्क्यात बोर्ड रीस्टार्ट होतो का ते आधी बघा. बॅटरीवरून थेट ५ व्होल्ट देणारा छोटा कन्व्हर्टर मला जास्त भरवशाचा वाटतो. सोलर पॅनेल जुलैत मोजणीत धरू नका.

अचानक वीज गेली की एसडी कार्ड मरतं. माझी दोन गेली, दोन्ही जूनमध्ये. तिसऱ्या वेळी शहाणपण आलं आणि कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवलं. पायच्या सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम नावाची सोय आहे, ती सगळं बसवून झाल्यावर चालू करायची. मग नोंदी मेमरीत राहतात आणि कार्डावर काही लिहिलं जात नाही.

पाय ४ आणि आधीच्या बोर्डांना स्वतःचं बॅटरीचं घड्याळ नसतं. लाईट आली, नेट मेलेलं आणि अँटेनाला अजून उपग्रह दिसत नाहीत, अशा वेळी बोर्ड जुनीच तारीख धरून बसतो. डीएस-३२३१ नावाची छोटी पट्टी लावा. ती दहा लाखांत दोनच्या आत राहते, म्हणजे वर्षाला मिनिटभराची चूक.

मॉड्यूल घेताना

निओ-६एमच्या निळ्या स्वस्त पट्टीवर बऱ्याचदा चारच पिना असतात: वीज, जमीन आणि मजकुराच्या दोन. ठोका आत तयार होतो, पण बाहेर फक्त एलईडी लुकलुकवतो. एलईडीपाशी बारीक तार सोल्डर करून तो काढता येतो, पण नवख्याने त्या फंदात पडू नये. ‘पीपीएस’ अशी पिन छापलेलं मॉड्यूल दोन पैसे जास्त देऊन घ्या. ठोक्याचं व्होल्टेज मल्टिमीटरने बघा: पायची पिन ३.३ व्होल्टची आहे, तिला ५ दिले की ती कायमची गेली.

जुन्या साठ्यातल्या मॉड्यूलचा आणखी एक आजार म्हणजे तारीख. जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ झाले की पुन्हा शून्यावर येतं. शेवटचं असं वळण ६ एप्रिल २०१९ ला येऊन गेलं. मॉड्यूल हे विसरलं तर तारीख साडेएकोणीस वर्षं मागची दाखवतं. विकत घेतल्या दिवशीच तपासा, परत करायची मुदत संपायच्या आत.

तुमची वाडी माडांनी भरलेली असेल आणि आभाळ फाटकं-तुटकं दिसत असेल तर ‘टायमिंग’ प्रकारचं मॉड्यूल, उदाहरणार्थ एम-८टी, पैसे मोजण्यालायक आहे. साध्या मॉड्यूलला जागा आणि वेळ दोन्ही काढायला चार उपग्रह लागतात. टायमिंगवालं एकदा आपली जागा पक्की करून घेतं, मग एका उपग्रहावरही वेळ देतं. घर कुठे पळून जात नाही!

नाविकसाठी, म्हणजे जीपीएससारख्या आपल्या भारतीय उपग्रहांसाठी, थांबू नका. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ या नाविक उपग्रहावर आपल्याकडे बनलेलं रुबिडियमचं घड्याळ आहे, हे अभिमानाचं खरंच. पण आधीचे नाविक उपग्रह एल-५ आणि एस या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर बोलतात, स्वस्त मॉड्यूल एल-१ ऐकतात. जीपीएससोबत युरोपचं गॅलिलिओ किंवा रशियाचं ग्लोनास ऐकणारं मॉड्यूल आज घ्या.

अँटेना बाहेर, बोर्ड माजघरात

२०,२०० किलोमीटरवरून येणारा संकेत इतका क्षीण असतो की स्वस्त अडाप्टर किंवा चार्जरचा गोंगाटही त्याला झाकतो. बोर्ड आणि अँटेना यांत मीटरभर तरी अंतर ठेवा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं होतं, तेव्हा यंत्रासाठी जागा बदलणं आपल्या किनाऱ्याला नवं नाही.

पत्र्याखाली काही मिळणार नाही. मंगलोरी कौलांखाली मिळतं, पण कौलं पाणी प्यायली की कमी होतं. मला सापडलेली सगळ्यात चांगली जागा म्हणजे उजेडासाठी बसवलेलं काचेचं कौल. त्याच्या खाली, आतल्या बाजूने अँटेना चिकटवली. कोरडी राहते, खारा वारा लागत नाही, आभाळ दिसतं. फक्त मृगाच्या आधी कुणी वरून प्लास्टिक किंवा झापं टाकताना ते कौल काळ्या ताडपत्रीने झाकलं तर हरकत नाही, पत्र्याच्या तुकड्याने झाकलं तर बोंब.

बाहेरच लावायची असेल तर माडावर नको आणि घरातल्या सगळ्यात उंच जागीही नको. केबलवर वीजरोधक लावून त्याचं अर्थिंग नीट करा, मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटाला इथे तोटा नाही. जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप घट्ट ताणून गुंडाळा, नाहीतर दुसऱ्या वर्षी तांबं हिरवं झालेलं दिसेल. केबलमध्ये संकेत मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद उशीर करतो. दहा मीटरला ५० झाले. आपल्या कामात त्याची चिंता नको.

बोर्ड माळ्यावर ठेवू नका. त्याच्यातलं वेळ मोजणारं स्फटिक तापमानाप्रमाणे वेग बदलतं, आणि दहा लाखांत एकाचा फरकही दिवसाला ८६ मिलिसेकंद होतो. कौलांखालचा माळा दुपारी भट्टी आणि पहाटे गार. जांभ्याच्या भिंतींचं माजघर दिवसभर जवळजवळ एकाच तापमानाला असतं. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून, पंख्याच्या झोतापासून दूर ठेवा. केबलसाठी पाडलेलं भोक कापसाने बुजवा, पालींना उबदार डबे फार आवडतात. तापमानाच्याच कारणाने त्या बोर्डावर सिनेमे साठवणं, जाहिराती अडवणं असली दुसरी कामं लादू नका. काम वाढलं की चिप तापते, चिप तापली की स्फटिक वेग बदलतं. प्रोसेसरची गती वरखाली होऊ न देता एकाच आकड्यावर बांधून टाका.

पहिली रात्र

सॉफ्टवेअर म्हणून जीपीएसडी (मॉड्यूलचा मजकूर वाचणारं) आणि क्रोनी (संगणकाचं घड्याळ जुळवणारं) ही जोडी बसवा. ठोका येतो का हे पीपीएसटेस्ट या छोट्या प्रोग्रॅमने आधी बघा. दर सेकंदाला एक ओळ उमटली पाहिजे. नसेल येत तर क्रोनीकडे जाऊच नका, तार तपासा. मग क्रोनीला सांगायचं की मजकुरावरून सेकंद ओळख, पण वेळ ठोक्यावरून घे. मजकुराचा उशीर किती ते एक रात्र नोंदवून मग तो आकडा सेटिंगमध्ये भरा. सुरुवातीला ०.२ सेकंद धरलं तरी चालतं. सोबत नेटवरचे दोन-तीन सर्व्हर असू द्या. जीपीएस एका पूर्ण सेकंदाने चुकत असेल तर ते लगेच उघडं पडतं.

मॉड्यूल नवं असेल तर पहिल्या पाव तासात दिसलेल्या वेळेवर विश्वास ठेवू नका. जीपीएसची स्वतःची वेळ २०१७ पासून जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे आणि ही दुरुस्ती उपग्रह साडेबारा मिनिटांतून एकदाच सांगतो. तोवर काही मॉड्यूल अठरा सेकंदांनी, काही एखाद-दोन सेकंदांनी चुकलेली असतात आणि तरीही ठोका मात्र ठणठणीत देतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रोनीचा ट्रॅकिंगचा अहवाल बघा. चूक मायक्रोसेकंदाच्या आसपास खेळत असेल तर बोर्ड बरोबर निवडला. पन्नास-शंभर दिसत असेल तर बहुधा ठोका यूएसबीतून येतोय किंवा प्रोसेसरची गती बांधायची राहिली आहे. आकडा दुपारी वाढून रात्री कमी होत असेल तर डबा उचला आणि भिंतीकडे सरकवा.